पाइपाचं दुसरं टोक

मंडळी, आज सकाळी चोरखमाऱ्याला, तलावाकाठी, पर्यटकांसाठी आमची कॅरॅव्हॅन उभी केली. सिंकचं सांडपाणी पाइपाने शोषखड्ड्यात सोडायचं असतं. गाडीकडचा जोड मी दोनदा तपासला, कॉक उघडला आणि सवयीने पाइपाच्या दुसऱ्या टोकाकडून येणाऱ्या “आलं” या हाकेची वाट बघत राहिलो.

हाक आली नाही. पाइप खड्ड्यातून निसटून साबणाचं पाणी शेजारच्या बांधीत, धानाच्या शेतात शिरलं होतं.

बांधीवाले काका ओरडले, “काऊन रे, पाणी कुठं सोडून राहिला? टोक तर तुहा दादा धरे ना? तो कुठं आहे?”

मी कॉक बंद केला. “दादा वारला, काका. मागच्या महिन्यात.”

काकांनी पाइप उचलून खड्ड्यात धरला. “कॉक खोल आता.”

मी उघडला.

“आलं,” ते म्हणाले.

मला रडू आलं नाही. सिंक रिकामं होईपर्यंत कॉक धरून राहिलो.

तुमचं दुसरं टोक कोण धरतं?