पंचाहत्तरी, पंचांग आणि मोत्याच्या कुड्या

मैत्रिणींनो, आज लखनौत बसून मी पुण्याच्या धाकट्या जावेवर जळतेय. कबूल करून टाकते.

आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाईंचा वाढदिवस तिथीने असतो, कार्तिक वद्य पंचमीला. यंदा पंचाहत्तरी! मी घरातल्या हिंदी पंचांगात तिथी पाहिली, इथल्या चौक बाजारात तीन चकरा मारून चिकनकारीची साडी निवडली आणि दिली. "छान आहे हं," म्हणाल्या.

त्याला महिना झाला. आज जावेचं पार्सल आलं, मोत्याच्या कुड्या! पाठोपाठ तिचा व्हिडिओ कॉल, "आई, आज पंचाहत्तर पूर्ण!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे वद्यातली तिथी इथल्या पंचांगात महिनाभर आधी येते. बारा वर्षं इथे राहून मी हे विसरले, यार!

"आई, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"इतक्या हौसेनं आणली होतीस गं."

यावर मी विरघळायला हवं होतं. पण कुड्या घालून त्यांनी हातआरसा मागितला. साडी नेसल्यावर मागितला नव्हता.

आरसा माझ्यासमोरच होता. मी म्हटलं, "सापडत नाहीये."

खरं सांगा, तुम्ही दिला असतात?