एकोणीसची मेमरी बाराला मागितली

मला आधी एक सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? आपण भाव पाडून मागितला की तोंड वाकडं करणाऱ्या दुकानदारावर, की लगेच 'न्या' म्हणणाऱ्यावर?

शेवगावात भांड्यांचं दुकान चालवता चालवता माझे केस पिकले. माझं शिक्षण सगळं गल्ल्यावर बसून झालेलं. त्यातला पहिला धडा असा, की समोरचा लगेच 'न्या' म्हणाला तर समजावं, अजून खाली जायला जागा होती! या धड्यावर मी दुकान उभं केलं, आणि याच धड्यानं एका दुपारी माझी अशी काही शोभा केली, की काय सांगावं!

त्याचं असं झालं. आमची सून पूजा लग्नाचे व्हिडिओ करते. त्यासाठी तिनं एकेक पार्ट मागवून घरीच कॉम्प्युटर जोडला. पण मशीन मधूनच अडकायचं. ती म्हणाली, "अप्पा, मेमरी पूर्ण वेगानं पळवली की स्थिर राहत नाही. मी वेग कमी करून ठेवलाय. आता हळू चालेल, पण पडणार नाही."

हळू! व्यापाऱ्याच्या घरात हळू?

त्या दिवशी पूजा भिंगारला माहेरी गेलेली. दुपारी सोनईचे तात्या येणार होते. त्यांच्या मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ तयार होता. संध्याकाळी व्याही त्यांच्याकडे जेवायला येणार, आणि त्यांना तो टीव्हीवर दाखवायचा होता. तात्यांनी आधी आमच्याकडे बघायचा, पसंत पडला तरच न्यायचा, असं ठरलेलं. पूजाचं हे पहिलंच मोठं काम. तात्यांनी नाक मुरडलं असतं तर सोनईच्या बाजूला तिला कुणी विचारलं नसतं.

निघताना पूजा तीनदा बजावून गेली, "अप्पा, व्हिडिओ फक्त चालू करायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

पण तात्यांसमोर मशीन रांगत बसलं तर? मी मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ लावला. तो म्हणाला, "मेमरीच्या टायमिंगचा आकडा जेवढा कमी, तेवढी मेमरी चपळ. पण..." या 'पण'ला मी व्हिडिओ बंद केला. 'पण'च्या पुढचं ऐकत बसलं की सौदा हातचा जातो.

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पोरीनं सांगितलंय ना, हात लावू नका म्हणून?"

"मी फक्त बघतोय!"

"बोहारीणही आधी फक्त बघतेच."

मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहिलं, की त्याच्या सेटिंगचं पान उघडतं. उघडलं. आकडा दिसला, एकोणीस.

एकोणीस? हा काय भाव झाला? मी सतरा टाकले. मशीन बंद झालं, सुरू झालं. हूं नाही की चूं नाही! आता तुम्हीच सांगा, पहिल्याच मागणीला 'हो' म्हटल्यावर कुठला व्यापारी थांबेल? पंधरा टाकले. तरी हो! म्हणजे पूजाला एकोणीस लावून चक्क लुटलं होतं की हो!

मग बारा मागितले. या खेपेला मशीन बंद पडलं, पंखे घुरघुरले, पुन्हा बंद पडलं. मी ओळखलं, आढेवेढे घेतंय. पडद्यावर परत पान आलं तेव्हा शेजारचं व्होल्टेज जरासं वाढवून दिलं. म्हटलं, घे बाबा, तुझं चहापाणी. आणि काय सांगू! बाराला मशीन सुरू!

तेवढ्यात तात्या आले. ऐसपैस बसले. मी ऐटीत व्हिडिओ लावला. सनई, वरात, फेटे, सगळं झकास. मग अंतरपाट आला. भटजींनी सूर लावला, "शुभमंगल साव... साव... साव... साव..."

नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना हार धरून उभे. अंतरपाट काही हलेना.

तात्या बराच वेळ बघत राहिले. "आवं शेठ, पोरं कवाची हुबी हायती! आमच्या लग्नात तर ह्ये एवढं लांबलं न्हवतं."

पडदा निळा झाला. मशीन आपोआप परत सुरू झालं. मी घाम पुसून पुन्हा व्हिडिओ लावला. आता अंतरपाट कसाबसा खाली आला, पण तात्यांच्या मेव्हण्याच्या मानेवर डोक्याऐवजी हिरवे-जांभळे चौकोन नाचायला लागले.

आता हा माणूस उठून जाणार, असंच मला वाटलं. तर तात्या पुढं सरकले. "ह्यो आमचा दाजीबाच न्हवं? मांडवात दोनदा रुसला हुता. लई ब्येस केलंया सूनबाईनं! याचं तोंड असंच ऱ्हाऊ द्या."

मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच पुढच्या चौकटीत खुद्द तात्यांचंही डोकं गेलं.

"शेठ!"

पूजाला फोन लावण्यावाचून इलाज नव्हता. गडबडीत स्पीकर चालू राहिला.

"अप्पा, सेटिंगला हात लावलात का?"

"छे! अजिबात नाही."

"मग टायमिंग किती आहे?"

"बारा."

"मी एकोणीसवर ठेवलं होतं!"

"अगं, ते पडतं घेत होतं गं. मी थोडी घासाघीस केली."

"अप्पा, ती मेमरी आहे. तिनं पडतं घेतलं नाही. तिनं तुमच्यापुढं हात टेकले."

तात्यांनी कपाळावर हात मारला. "आयला! मशिनीसंगं भाव केला तुमी?"

मग पूजानं सांगितलं तसं वायर काढली, कव्हर उघडलं, आतला रुपयाएवढा गोल सेल काढून जरा वेळानं परत बसवला. त्यानं मशीन माझे सगळे भाव विसरलं. आकडा एकोणीसवर आला, आणि व्हिडिओ सावकाश, पण अखंड चालला. 'सावधान' पुरं झालं, हार पडले, तात्यांचं डोकं जागेवर आलं. पाठोपाठ मेव्हण्याचंही आलं.

"आरारा," तात्या हळहळले, "ह्ये पन परत आलं व्हय!"

तात्या पेन ड्राइव्ह घेऊन वेळेत सोनईला पोचले. व्याह्यांना व्हिडिओ इतका आवडला, की त्यांच्या पुतणीच्या लग्नाचं काम पूजाला मिळालं. पण व्हिडिओच्या आधी तात्यांनी त्यांना माझी हकीकत ऐकवली, आणि ती व्हिडिओहून जास्त चालली! आता कुणीही दुकानात येतं, पातेलं उचलतं आणि म्हणतं, "शेठ, मशिनीला बाराला पाडलंत, मग आम्हाला का नाही?"

तुम्हीही हे चार जणांत सांगणारच. सांगा, माझी ना नाही. फक्त हिशेब प्रामाणिक ठेवा. बाजारात लोक खुशाल म्हणतात, की शेठनं मेमरी आठला मागितली. साफ खोटं! मी आठ फक्त टाइप केले होते. एंटर दाबणार तोच तात्यांची जीप दारात वाजली. तेव्हा माझ्या नावावर बाराच धरा.