कडूबाईच्या घरातला 'आलो रं'

बिभीषण ड्रायव्हर चाकणला गेलाच नाही, तो कडूबाईच्या घरात लपून राहतो, अशी गावात कुजबुज होती.

बातमी पंकजाची. पंकजा म्हणजे कडूबाईची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. तिन्हीसांजेला ती दोरीवरचे कपडे काढत होती, तेवढ्यात पलीकडे कडूबाईचं दार वाजलं आणि पाठोपाठ भरड्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "आलो रं." पंकजाच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. कोल्हापूरकडच्या बायकाही स्वतःबद्दल 'आलो, गेलो' म्हणतात म्हणे, पण आमच्या बेलापुरात 'आलो' म्हणतो तो पुरुषच. त्यातही असा हेल काढून 'आलो रं' म्हणणारा पुरुष गावाला एकच ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी बातमी मच्छिंद्रच्या सलूनात आली. तिथून ती पुढं कशी गेली ते मला विचारू नका. मी दाढीला बसलो होतो, आणि गालाला साबण असताना माणूस बोलून बोलून बोलणार किती?

कडूबाईची पिठाची गिरणी आहे. आधीची पोरं जगेनात, म्हणून आईबापांनी हिचं नाव कडू ठेवलं आणि हिनं ते जन्मभर खरं करून दाखवलं. नवरा लवकर गेला, मुलगी राहुरीला दिली. गिरणीच्या घरघरीवर ओरडून ओरडून गळा असा बसलाय की फोनवर अनोळखी माणूस तिला 'काका' म्हणतो. तिचा कायदा एकच, गव्हावर गहू आणि बाजरीवर बाजरी. मध्येच डबा सरकवणाऱ्याला ती चार माणसांत असं काही बोलते की तो पुढचं दळण दुसऱ्या गावाला नेतो. आणि कुत्र्यांचा तर तिला भारी राग. पिठाच्या वासानं एखादं दारात आलं की गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा भिरकावलाच म्हणून समजा.

तर अशा बाईनं कुत्रं ठेवलं. तेही म्हातारं, आणि तेही बिभीषणचं. मग लोकांनी बोलू नये तर काय करावं?

बिभीषण उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. बायको गेल्यापासून पाटाच्या कडेच्या घरात एकटाच राहायचा. कुत्रं केबिनमध्ये शेजारच्या सीटवर बसायचं, म्हणून त्याचं नाव क्लीनर. पुढं बिभीषणचे डोळे गेले, ट्रक विकला, आणि मुलगा त्याला चाकणला न्यायला आला. तिथं फ्लॅट, आणि फ्लॅटमध्ये कुत्र्याला मनाई. तोवर क्लीनरचंही तोंड पांढरं झालं होतं, मागचा एक पाय ओढत होता, डोळ्यांवर पडदा आला होता. बिभीषणनं मुलाचा हात धरून अर्ध्या गावाला विचारलं. पिल्लू असतं तर ठेवलं असतं, असं सगळ्यांनी सांगितलं. शेवटी तो गिरणीवर आला. कडूबाईनं पट्टा न थांबवता "ठिवा" एवढंच म्हटलं.

"टिकला न्हाई तर पाटावर सोडून द्या, वैनी," बिभीषण म्हणाला. "त्याचं त्यो बघंल."

"बगायला डोळं हायेत का त्याला?" कडूबाई म्हणाली.

हे पुढचं मला तिनंच सांगितलं. मुद्दाम माझं दळण सगळ्यांच्या शेवटी लावून सांगितलं, म्हणजे मी मध्येच उठून गावाला सांगायला पळू नये.

क्लीनर टिकेना. बसेना, खाईना. दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत त्याच्या नख्यांची टकटक चालायची. ती थांबली म्हणजे पठ्ठ्या सटकला. कडूबाई गिरणी बंद करून धावायची. पाटाकडं जायचं तर मधे मोठा रस्ता, त्यावर ट्रक-ट्रॅक्टरची ये-जा, आणि हा आंधळा, लंगडा. बिभीषणच्या कुलूप लावलेल्या दाराशी तो नाक फटीला लावून पडलेला असायचा. दोरी बांधून ओढून आणायचा, पुन्हा टकटक. तिचंही चित्त थाऱ्यावर राहीना. तिच्या हातून बाजरीवर गहू पडला, अन् ज्यांच्याकडं पाव्हणे जेवायला होते त्यांच्याच पोळ्या काळ्या झाल्या. गावात हाहाकार. लोक म्हणाले, बाईचं लक्ष भलतीकडं आहे. तसं ते होतंच की!

शेवटी तिनं चाकणला फोन लावला. कुत्र्याला काय सांगितलं की तो ऐकतो, असं विचारलं. तसं काही नाही, बिभीषण म्हणाला, घरी आलो की दारातनं 'आलो रं' म्हणायचो, मग तो माझ्याबरोबर जेवायचा. कडूबाईनं त्याला तेच म्हणायला लावलं आणि मोबाईल क्लीनरच्या कानाशी धरला.

तो फोन करायला नको होता. आवाज ऐकताच कुत्रं उठलं आणि घरभर माणूस शोधत सुटलं. खाटेखाली गेलं, पोत्यांमागं गेलं, गिरणीचं तोंड हुंगून आलं, बंद दार खरवडत बसलं. फोनमधून बिभीषणचं 'आलो रं, आलो रं' चालूच. कडूबाईनं फोन स्वतःच्या कानाला लावला.

"डायवर, येनार नसाल तर आलो म्हनू नका," ती म्हणाली, आणि फोन बंद केला.

त्यानंतर काही दिवसांनी नख्यांची टकटक कमी झाली. क्लीनर संध्याकाळी भाकरी खायला लागला. आणि नेमकं त्याच सुमाराला पंकजानं भिंतीपलीकडचा आवाज ऐकला. मग काय, पुरावे निघायला लागले. कडूबाई जास्तीच्या भाकरी थापते. गळ्यात माळ असलेली बाई खाटकाकडून हाडं आणते, ती कुणासाठी? कुत्र्यासाठी, असं कुणी भाबडेपणानं म्हटलं तर लोक त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघायचे. गिरणीवर बायका विचारायच्या, कडूबाई, घरी पाव्हणा हाय का? ती त्यांचं पीठ मुद्दाम जाडंभरडं काढायची.

दिवाळी झाली, साखर कारखाना सुरू झाला. बिभीषणच्या मुलानं पाटावरचं घर पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोडीच्या एका मुकादमाला भाड्यानं दिलं. आणि एका दुपारी बिभीषणचाच विकलेला ट्रक उसानं भरून गिरणीवरून गेला, तोच जुना हॉर्न वाजवत. क्लीनरनं दोरी तोडली.

कडूबाई पोचली तेव्हा तो त्या घराच्या उंबऱ्यावर आडवा पडला होता. मुकादमाची बायको पोराला कडेवर घेऊन आत अडकलेली. तिनं बाहेर पाय टाकला की तो दात दाखवायचा. मुकादम काठी घेऊन उभा होता. ह्याला आवरा, न्हाईतर आज ह्याचा निकाल लावतो, असं त्यानं सांगून टाकलं. तोवर आम्ही सगळे जमलोच होतो. मच्छिंद्र खांद्यावर फडकं टाकून, पंकजा डोक्यावर पदर घेऊन, आणि मी अर्धी दाढी झालेला.

कडूबाईनं दोरी पुढं केली. भाकरीचा तुकडा टाकला. "चल रं" म्हणाली, "आले रं" म्हणाली. कुत्र्यानं मान वळवली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "कडूबाई, बिभीषणालाच बोलवा की. घरातच हाय न्हवं?" लोक हसले. मुकादमानं काठी उचलली.

कडूबाईनं एकदा आमच्याकडं पाहिलं. चेहरा असा लाल झालेला मी तिचा कधी पाहिला नव्हता. मग ती मागं फिरली, पार रस्त्याच्या कडेपर्यंत गेली आणि चपला घासत, खांदे टाकून, दमलेल्या ड्रायव्हरसारखी पुन्हा दाराकडं चालत आली.

"आलो रं," ती म्हणाली.

क्लीनरचे कान उभे राहिले. तो उठला, पाय ओढत तिच्यापाशी आला आणि तिचं लुगडं हुंगून गुडघ्याला डोकं टेकून उभा राहिला. मुकादमाची काठी आपोआप खाली आली. दोरी तिनं बांधलीच नाही. ती निघाली तसा तोही निघाला. आमच्या घोळक्याजवळ ती क्षणभर थांबली.

"पंकजा," ती म्हणाली, "कापडं वाळली का गं तुजी?"

बिभीषण ड्रायव्हर चाकणलाच होता आणि अजूनही तिथंच आहे. कडूबाईच्या घरात रोज 'आलो रं' म्हणायची ती कडूबाई.