दारूबंदीच्या जिल्ह्यातली द्राक्षं

माझ्या दादाचा साडू नाशिककडे वाइनची द्राक्षं पिकवतो. तिकडे ऐन काढणीत दरवर्षी पाऊस कोसळायला लागला, तसं त्यानं फोनवर रडगाणं लावलं. दादानं त्यातून भलताच अर्थ काढला.

"मोसम सरकून राह्यला," तो मला म्हणाला. "तिकडचं द्राक्ष आता इकडंच येते, पाहजो."

वर्धा जिल्ह्यात, सेलूजवळच्या आमच्या शेतात, कपाशीला लागून, त्यानं अर्धा एकर वेली लावल्या. जिल्हा दारूबंदीचा, आणि वहिनी गावातल्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष! मोहाच्या दारूची किती मडकी तिनं फोडली असतील, तिलाच ठाऊक.

"द्राक्ष म्हणजे फळ हाय," दादानं तिला समजावलं. "वाइन ते लोक तिकडं करतीन."

दोन दिवस विचार करून तिनं होकार दिला.

तिसऱ्या वर्षी माल धरला. बारीक, काळा, नुसत्या बिया. खायला कोणी घेईना. फेब्रुवारीच्या शेवटी गारपीट झाली आणि मणी तडकले. दादानं होतं नव्हतं ते निळ्या पिंपांत भरलं आणि साडूनं ठरवून दिलेल्या नाशिकच्या वाइनवाल्यांच्या गाडीची वाट पाहत बसला. तडकलेला माल त्यांना नको, म्हणून गाडी आलीच नाही. पाठोपाठ आठवडाभर मे महिन्यासारखं ऊन पडलं. रविवारी मी वर्ध्याहून शेतावर गेलो, तर पिंपांची झाकणं आपोआप उचलली जात होती. आत बुडबुड चाललेली. वास पार सडकेपर्यंत.

त्या वासाच्या मागावर मंडळाच्या बायका आल्या. पुढे वहिनी.

"हे काय हाय?"

"म्या काई नाई केलं," दादा म्हणाला. "उन्हानं केलं."

सगळ्या बायका वहिनीकडे पाहत होत्या. तिचा चेहरा उतरला. मग तिनं पदर खोचला आणि तिथूनच पोलिसांना फोन लावून नवऱ्याचं नाव-गाव सांगितलं. आवाज जराही हलला नाही.

जमादार आले, वाकून वास घेतला, कागद काढला.

"दारू कोणी काढली?"

"उन्हानं," दादा पुन्हा म्हणाला.

जमादारांनी वर आभाळाकडे पाहिलं आणि आरोपीची जागा कोरी सोडली. ही दारूच आहे का, हे चाखून सांगायला कोणी तयार होईना. चाखणं हाच गुन्हा. मग त्यांनी मला पंच व्हायला सांगितलं.

"साहेब, मी यांचा सख्खा भाऊ. मी कसा चालेन?"

"आरोपीच नाई, तं तुमी भाऊ कोनाचे?"

मी सही केली. कागदावर होतं : 'उष्णतेने आपोआप बिघडलेली फळे. जागीच नष्ट.'

बायकांनी खड्डा खणला. पहिली दोन पिंपं दादानं एकट्यानं ओतली. तिसऱ्याला त्याचे हात थांबले. वहिनीनं पुढे होऊन पिंपाची दुसरी कड धरली.

"तुमची मेहनत होती," ती हळूच म्हणाली. "मले का समजत नाई?"

दादानं आपली कड उचलली. कुठे पाहावं, तेच त्याला कळत नव्हतं.

पावसाळ्यात वहिनीनं द्राक्षाच्या मांडवाच्या त्याच तारांवर दोडके चढवले. सावली चांगली पडते, म्हणून मंडळाची बैठक आता तिथेच भरते. दादा सगळ्यांसाठी चहा करतो आणि दारूचे दुष्परिणाम मन लावून ऐकतो.