मलखांबाच्या साथीला फिडल

मुंबईच्या एका नाटक मंडळीत मी सहा वर्षं फिडल वाजवलं. शिकवलं ते मंडळीतल्याच एका गोव्याच्या वादकानं. मंडळी मोडली तसा मी कर्जतला घरी आलो आणि लग्नांत, कीर्तनांत वाजवू लागलो. सकाळी देवळामागच्या ओसरीवर चौघांना शिकवत असे. ओसरीला लागूनच गावची तालीम होती.

एक दिवस तालमीचे वस्ताद ओसरीवर येऊन उभे राहिले. अंगभर तांबडी माती. माझ्या शिष्यांचे हात जागीच थांबले.

"मास्तर, तुमच्या वाद्यानं माजे गडी बिघडवले," वस्ताद म्हणाले. "मलखांबावर भराभर चढायचे, आता तुमच्या सुरासंगं सावकाश चढतात."

मी ओशाळलो. "उद्यापासून शिकवणीची वेळ बदलतो."

"वेळ नका बदलू. सावकाश चढतात तवापासून कुनी घसरला नाय. तुमी पलीकडंच येऊन वाजवा."

दुसऱ्या दिवशी मी तालमीत जाऊन नाटकातली एक चटपटीत चाल धरली. दोन गड्यांना दम लागला, तिसरा अर्ध्यावरून खाली आला. वस्ताद शांतपणे म्हणाले, "बोटांकडं काय बघता? त्यांच्या छातीकडं बघा."

मग मी त्यांच्या श्वासाबरोबर फिडलचा गज ओढायला शिकलो. श्वास आत, गज वर. श्वास बाहेर, गज खाली. दोन महिन्यांत माझाच सूर इतका भरदार झाला की चौघा शिष्यांनाही मी तालमीत नेऊन बसवलं. त्यांतला एक कचेरीतला कारकून होता. गज धरला की त्याचा खांदा कानाला लागायचा. वस्तादांनी त्याला रोज वीस जोर काढायला लावले. त्याचा खांदा उतरला आणि भूकही वाढली, असं त्याची बायको सांगत असे.

दसऱ्याला भिसेगावात आमचा पहिला खेळ झाला. शेवटी कळंबचा एक तरणा शेतकरी खांबाच्या टोकावर पायांची अढी घालून उलटा लटकला. सूर थांबला की त्यानं उतरायचं, असं ठरलं होतं. मी लांब सूर धरला. गज संपत आला की सूर तुटू न देता मी गज उलट फिरवत होतो, आणि सूर इतका गोड लागला होता की सोडवेना. माझे डोळे मिटलेले. तेवढ्यात वरून आवाज आला, "मास्तर, आता सोडा की. डोकं गरगरतंय."

सगळं गाव हसलं. तो उतरला, मातीत बसला आणि स्वतःही पोट धरून हसत राहिला. मीही हसलो. एवढ्या लोकांसमोर चूक करूनही इतकं हलकं मला नाटकात कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी खालापूरहून बोलावणं आलं, मग लोधिवलीहून. पुढं कितीतरी वर्षं दोन बैलगाड्यांतून आम्ही गावोगाव हिंडलो: पुढच्या गाडीत तेल लावलेला खांब आणि वस्ताद, मागच्या गाडीत आम्ही सगळे, वाटभर गात.