मामांनी कापलेली एक्कावन्न मिनिटं

संबंध डोंबिवलीत माझ्या बायकोच्या मामांइतका वेळ वाचवलेला माणूस दुसरा नसेल. वाचवलेल्या वेळाचं ते काय करतात हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा त्या वेळात ते आणखी वेळ वाचवण्याच्या युक्त्या शोधत असावेत. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी जन्मभर लघुलेखकाची नोकरी केली. साहेबाचं वाक्य संपण्याआधी आपलं टाइप करून झालेलं असे, असं ते सांगतात, आणि साहेब आता हयात नसल्यामुळे ते मान्य करावं लागतं. घरात चहाचा डबा, साखरेचा डबा आणि गाळणं एका वितीच्या आत असलं पाहिजे, चपला बोटं दाराकडे करूनच काढल्या पाहिजेत, म्हणजे निघताना वळावं लागत नाही. भाजी चिरताना मामींचा हात किती वेळा उगाच हलतो, हे त्यांनी एकदा मोजून दाखवलं. त्यानंतर आठवडाभर भाजी मामांनीच चिरली.

निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांच्या लॅपटॉपवर संगीताची जुळवाजुळव करायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि मामांना आपला धर्म सापडला. त्यात आवाजाचा प्रत्येक तुकडा रंगीत पट्टीसारखा दिसतो, त्याला क्लिप म्हणतात. ती कापायची, सांधायची, सरकवायची. इतर लोक हे माऊसने करतात. मामांच्या मते कीबोर्डावरून माऊसकडे हात नेणं म्हणजे जेवता जेवता हात धुऊन येणं. कंट्रोल-ई दाबलं की क्लिपचे दोन तुकडे, कंट्रोल-जे दाबलं की सांधा, कंट्रोल-डी दाबलं की शेजारी हुबेहूब जुळं, शून्य दाबलं की क्लिप मुकी. माऊसला घरात मज्जाव नव्हता, पण डाव्या हाताने ऑल्ट किंवा कंट्रोल दाबून धरल्याशिवाय त्याला शिवायचं नाही. "नुसता माऊस धरणाऱ्या माणसाच्या हाती, जावईबापू, मी माझी फाइल देणार नाही," असं ते मला म्हणाले होते, आणि तो आवाज मुलगी देणार नाही म्हणणाऱ्या बापाचा होता. शॉर्टकटांची छापील यादी त्यांनी देवघराशेजारी चिकटवली आहे. उदबत्ती ओवाळताना ती त्या कागदासमोरूनही जाते, हे मी पाहिलं आहे.

डोंबिवलीतल्या निम्म्या शाळांची स्नेहसंमेलनं त्यांच्या कीबोर्डाखालून गेली. चार गाणी तीन मिनिटांत बसवून द्यायची आणि बाईंनी आभार मानायला सुरुवात केली की फोन ठेवून द्यायचा. सोसायटीच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग साफ करताना त्यांनी सगळ्या बायकांचे श्वास काढून टाकले. ते ऐकून मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "अहो, आम्ही यात जिवंत वाटत नाही." मामांनी ही दाद समजून मान लववली. रिकामी जागा त्यांना बघवतच नसे. दोन क्लिपांच्या मध्ये पांढरं दिसलं की ते कापून पुढचा तुकडा मागच्याला टेकवायचा. हीच सवय बोलण्यात उतरली. समोरचा शब्दासाठी थांबला की मामांच्या डाव्या हाताची करंगळी टेबलावर दबे, कंट्रोल दाबल्यासारखी. एका शेजाऱ्याच्या घरी भेटायला गेलो होतो, त्याचे वडील गेले होते. तो सांगत होता, "सकाळी चहा मागितला, आणि मग..." आणि गप्प झाला. मामांची करंगळी टीपॉयवर दबली. "मग गेले," मामा म्हणाले. मामी घरी आल्यावर म्हणाल्या, "संसारात माझी निम्मी वाक्यं यांनीच संपवली. कशी संपणार होती, ते आता मलाही आठवत नाही."

अशा माणसाकडे मी हरेशला पाठवलं, म्हणजे पुढच्या गोष्टीत अर्धा दोष माझा आहे. हरेश माझा ऑफिसातला मित्र, कळव्याच्या खाडीकाठचा कोळी. त्याची आई गावची धवलारीण. या लोकांच्या लग्नात हळदीपासून धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायला ती लागतेच; भटजी उशिरा आला तरी चालतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता कान तोंडाशी नेला तर जेमतेम कुजबुज ऐकू येते. आणि नातीचं, हरेशच्या मुलीचं लग्न ठरलं. गावात दुसरी धवलारीण उरलेली नाही.

"आयचं एक रेकॉर्डिंग आहे रे माझ्याकडे," हरेश म्हणाला. "ऑपरेशनच्या आधी शेजारच्या हळदीला गायलेली ना, तेव्हा मी मोबाइल धरून बसलेलो. पण त्यात कोंबड्या, हॉर्न, सगळंच आहे. तुझे ते मामेसासरे साफ करून देतील का? आयच्या आवाजाशिवाय पोरीला हळद लागली तर आय ते मनाला लावून घेईल रे."

मामांनी तीन आठवडे घेतले. कोंबड्या काढल्या, हॉर्न काढले, खोकला काढला, आणि कडव्याकडव्यांच्या मधल्या लांबलचक मोकळ्या जागा तर हसत हसत काढल्या. एक तास दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग एकोणीस मिनिटांवर आलं. "एक्कावन्न मिनिटं निव्वळ कचरा होता," त्यांनी मला फोनवर सांगितलं. मूळ फाइल त्यांनी त्याच दिवशी पुसून टाकली. हरेशने मधल्या काळात जुना मोबाइल देऊन नवा घेतला होता.

हळद सकाळची होती. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, लॅपटॉप कापडी पिशवीत घेऊन आले आणि स्पीकरशेजारच्या टेबलावर बसले. मांडवात खुर्चीवर धवलारीण आजी, पुढ्यात पाटावर नात. मामांनी स्पेसबार दाबला आणि आजींचा आवाज मांडवात आला, असा स्वच्छ की बायांनी पदर डोळ्यांना लावले. आजी स्वतः खाली मान घालून ऐकत होत्या. हरेशने माझा हात दाबला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

धवल्यात एकेका नात्याचं कडवं असतं. आईचं कडवं झालं की आईने उठून हळद लावायची, मग मावशीचं, मग आत्याचं. हरेशची बायको लेकीच्या गालाला पहिलं बोट लावते न लावते, तोच गाणं मावशीला बोलवायला लागलं. मावशी धावत पाटाशी आली, तोवर आत्याचं कडवं निम्मं झालं होतं. दोघी एकमेकींवर आदळल्या, हळदीची वाटी कलंडली, मागे कुणीतरी फिसकन हसलं. आजी खुर्चीतून उठल्या. त्यांनी तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण काही बाहेर आलं नाही. मग त्यांनी हरेशला खाली ओढलं आणि त्याच्या कानात काही सांगितलं.

मामांनी गाणं थांबवलं होतं. "काय म्हणाल्या?"

हरेश ओशाळून म्हणाला, "बोलते, बायांचं हात आजून हलदीनच हान, न गानं फुरं पलालं." मग त्याने समजावलं, "म्हणजे हात अजून हळदीतच आहेत, आणि गाणं पुढे पळालं. मामा, आय गाताना बघत असायची ओ. एकीचं लावून झालं की मगच पुढचं कडवं. कोणाला रडायला आलं, तर तिचं होईपर्यंत थांबायची."

"म्हणजे ते मधलं..." मामा म्हणाले, आणि मी पहिल्यांदाच त्यांचं वाक्य अर्धवट राहिलेलं ऐकलं. बंद केलेल्या फाइलीत कंट्रोल-झेड, म्हणजे केलेलं मागे घेणं, चालत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मांडवात कुजबुज सुरू झाली. डीजेवाला मदतीला यायला निघाला होता. मामांनी त्याला हातानेच थोपवलं, लॅपटॉप उचलला, स्पीकरची वायर लांब ओढून घेतली आणि आजींच्या पायाशी येऊन खाली जमिनीवर मांडी घातली. गुडघ्यांमुळे हा माणूस कित्येक वर्षं जमिनीवर बसला नव्हता. "आजी," ते म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्ही हात वर केलात की मी थांबतो. खाली केलात की पुढे जातो. पहिल्यापासून घेऊ या."

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग तळवा वर केला, खाली केला. आईचं कडवं झालं, तळवा वर. हरेशच्या बायकोने लेकीला सावकाश हळद लावली, मध्येच तिला रडू आलं, ते ओसरलं, आणि मग तळवा खाली. मावशी झाली, आत्या झाली, काकी झाली. मामा पडद्याकडे बघतच नव्हते. आजींच्या हाताकडे बघत होते.

मग आजीचं कडवं आलं. ते संपलं, आणि आजी उठून नातीसमोर बसल्या. त्यांचे दोन्ही हात हळदीने भरले. आता खूण करायला कुणी नव्हतं. आजींनी पोरीचा चेहरा ओंजळीत धरला आणि तशाच राहिल्या. मांडवात आवाज नाही. मिनिट गेलं, दुसरं गेलं. डीजेवाला मामांकडे बघायला लागला, मग बाया बघायला लागल्या, आणि शेवटी मीही धास्तावून त्यांच्या बोटाकडे बघायला लागलो. मामांचा हात मांडीवर होता. पोर रडली, आजींनी मनगटाने तिचे डोळे पुसले, तिची वेणी नीट केली, उठल्या, खुर्चीशी आल्या, बसल्या, हात पुसले. तेव्हा कुठे मामांनी स्पेसबार दाबला. आजी हरेशच्या कानाशी लागल्या. त्याने ते मोठ्याने सांगितलं, "आय बोलते, यो मानूस गानारा हाय."

परतीच्या रिक्षात मामांनी लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेतली. कळवा मागे पडल्यावर म्हणाले, "जावईबापू, ती बाई एक्कावन्न मिनिटं लोकांकडे बघत होती हो. मी तेवढंच नेमकं कापलं." मला त्यांची फार माया आली; "मामा, तुम्ही..." एवढंच मी म्हणालो, आणि माझं वाक्य त्यांनी संपवलं नाही.

आता ते दर रविवारी कळव्याला जातात. कापलेली कडवी पडद्यावर दूर दूर मांडतात आणि मधली जागा किती हवी, ते आजींना विचारतात. गेल्या रविवारी मी बरोबर होतो. आईचं कडवं वाजलं आणि थांबलं. मुलगी लग्न होऊन खडवलीला गेली, त्याला आता चार महिने झाले. तिची आई पीठ मळता मळता उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. मामांनी थोडी जागा सोडली आणि विचारलं, "एवढी पुरे, आजी?"

आजींनी सुनेकडे पाहिलं आणि मान हलवली. कुजबुज मला अगदी शेजारून ऐकू आली. "तिचं आजून नाय जालं."

मामांनी जागा आणखी वाढवली.