तेराव्याचं ताट

दुपारी फोन वाजला तेव्हा मी डाळ निवडत बसले होते. जावई म्हणाले, "आत्या, वर्षा गेली." आज दीड महिना झाला. माझा राग काही उतरला नाही, म्हणून लिहितेय.

वर्षा माझ्या भावाची लेक. आई लहानपणीच गेली, म्हणून सेनगावला माझ्याच घरी वाढली. डॉक्टर झाली, औंढ्याला दिली, आणि लग्नानंतर मोठ्या सरकारी दवाखान्यात पुढचं शिकायला लागली. छत्तीस-छत्तीस तास ड्यूटी, की लगेच एसटीत उभ्यानं डुलक्या घेत सासरी. कुणाचं बारसं असो की वास्तुशांत, सून हजर पाहिजे. पुऱ्या लाटायची, शेजारी पुस्तक उघडं, पानांना तेलाचे डाग. मला हसून सांगायची, "आत्या, तिथं सर विचारतात घरी काहून गेलीस, इथं सासूबाई विचारतात दवाखान्यात काहून राहिलीस. मधी एसटीच तेवढी काही बोलत न्हाई."

यंदा महालक्ष्म्यांना तिच्या सासरच्यांनी मला सवाष्ण म्हणून बोलावलं. पाहते तर पोरीचे डोळे पिवळेजर्द. अंगात ताप, पोटात अन्न नाही, आणि सोळा भाज्या, पुरण सगळं तिच्याच हातचं. हळूच म्हणाली, "पेशंट असते ना, तर मीच मला भरती केलं असतं." मी विहीणबाईंना म्हटलं, पोरीला जरा पडू द्या. त्या म्हणाल्या, सवाष्ण उठल्याबिगर आमच्यात सून टेकत नाही. तिला लवकर बसता यावं म्हणून मी भराभरा जेवले... तर माझ्यामागं आणखी दोन पंगती होत्या. आठ दिवसांत कावीळ डोक्यात गेली.

अहेव गेली, म्हणून तेराव्याला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. माहेरची म्हणून परत मलाच बसवलं. त्या सवाष्णीनं घास घेतल्याबिगर बाकीचं कुणी जेवत नाही. मी ताटावर बसले आणि हात मांडीवर ठेवले. तास झाला, दोन झाले. पाव्हणे भुकेनं कासावीस, लेकरं रडकुंडीला आलेली.

"विहीणबाई, काहून जेवून न्हाई राहिल्या?" सासूनं विचारलं.

"त्या दिवशी ती किती वाजता जेवली, ते सांगा. मंग घास घेते."

शेवटी जावयांनी हात जोडले. "आत्या, पुरे करा आता."

"हेच शब्द त्या दिवशी आईला बोलले असते, तर बरं झालं असतं."

भरलं ताट तसंच ठेवून उठले. अन्नाचा अपमान केला म्हणतात लोक. म्हणू द्या. साडीही घेतली नाही, तिचा पांढरा कोट तेवढा मागून आणला. तो आता माझ्या समोरच्या खोलीत खुंटीला आहे, दारातून दिसंल असा. जावयांसाठी स्थळं बघायला सुरुवात झालीये म्हणे. परवा पुसेगावचे मुलीवाले चौकशीला माझ्याकडं आले. कोटाखाली बसवलं, आणि महालक्ष्म्यांपासून सगळं सांगितलं, माझ्या जेवणासकट. चहा न घेताच उठले ते.

आणखी येतील. मी घरीच असते.